मुलीसोबत कोण जाणार?

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम होता. जालन्यातील आमच्या शाळेची दहावीची एक मुलगी जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली. विभागीय सामन्यांसाठी तिला तीन दिवस बाहेरगावी राहायचे होते. संमतीपत्रावर सही घ्यायला आम्ही स्वतः तिच्या घरी गेलो. तिच्या अब्बांनी चहा मागवला, कागद दोनदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, बच्ची के साथ कौन जाएगा?"

संघाचे प्रशिक्षक पुरुष, व्यवस्थापकही पुरुष. आम्हाला त्या आठवड्यात जाणे शक्य नव्हते. सही झाली नाही. मुलगी पडद्याआडून ऐकत होती, हे आम्हाला निघताना कळले.

अशा बापाला मागासलेला म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. आम्हालाही मुलगी आहे, आणि त्यांच्या जागी आम्हीही हेच विचारले असते. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून गेली नाही. मुलींच्या खेळाची चर्चा होते तेव्हा आपण कपडे, मैदान, वेळ, लोक काय म्हणतील, यावर बोलतो. संघाच्या बाकावर मुलींसोबत बसणारी बाई कुठून येणार, यावर कोणी बोलत नाही.

त्या बाईच्या कामाला नाव आहे, सहायक प्रशिक्षक. मुख्य प्रशिक्षकाचे नाव छापून येते, हिचे क्वचितच. पण काम पाहा. समोरच्या संघाचे आधीचे सामने बघून कोण डाव्या हाताने खेळते, कोण दमल्यावर चुकते, याच्या नोंदी तिने काढायच्या. सरावात कच्च्या मुलीला बाजूला घेऊन तोच फटका शंभर वेळा मारून घ्यायचा. सामन्यात प्रत्येकीचे फाऊल मोजायचे, कारण पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर जाते. मुख्य प्रशिक्षकाला पंचांनी बाहेर काढले तर नियमाप्रमाणे संघ पहिल्या सहायक प्रशिक्षकाच्या हाती येतो. शिवाय जे कुठल्या नियमात लिहिलेले नाही तेही आहेच. रात्री कोणाला ताप आला, कोणाची पाळी आली, कोणी घरच्या आठवणीने रडते आहे, हे मुली कोणाला सांगतील? पुरुष प्रशिक्षक कितीही सज्जन असला तरी त्याला नाही.

हे काम केलेली एक भारतीय बाई आम्हाला वाचनात सापडली, दिव्या सिंह. मूळ बनारसची. पाच बहिणींचे घर आणि पाचही बहिणी बास्केटबॉल खेळलेल्या. त्यांतली प्रशांती सिंह २०१७ साली अर्जुन पुरस्काराची आणि २०१९ साली पद्मश्रीची मानकरी झाली. दिव्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला, तेव्हा संघाचे नेतृत्व तिच्याकडे होते.

एवढे झाल्यावर खेळाडू बहुधा रेल्वेची नोकरी धरते किंवा लग्न करून घरी बसते. दिव्या शिकायला गेली. २००८ ते २०१० या काळात तिने अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि तिथल्याच महिला संघाबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले. अमेरिकेत महाविद्यालयीन संघ म्हणजे मोठा कारभार असतो. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली तीन-तीन, चार-चार सहायक असतात आणि खेळाडूंच्या हजेरीवर, गुणांवरही त्यांची नजर असते. याच विद्यापीठात तेव्हा एलेना डेले डॉन नावाची मुलगी होती. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या संघाने तिला घेतले होते, पण दृष्टी आणि श्रवणशक्ती नसलेल्या आपल्या बहिणीपासून दूर राहणे तिला जमेना, म्हणून ती घराजवळच्या डेलावेअरला परतली. पुढे ती अमेरिकेच्या व्यावसायिक लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. घर धरून खेळणाऱ्या मुली फक्त आपल्याकडेच असतात असे नाही.

दिव्या मायदेशी परतल्यावर सोळा वर्षांखालील मुलांच्या भारतीय संघाबरोबर राहिली. मुलांच्या, हे वाचताना आम्ही थबकलो. मग २०१४ साली दक्षिण कोरियात इंचॉन येथे आशियाई स्पर्धा झाली, त्यात ती भारतीय महिला संघाची सहायक प्रशिक्षक होती.

इंचॉनचीच आणखी एक घटना आपल्या घरांशी जोडलेली आहे. कतारच्या मुली मंगोलियाविरुद्ध मैदानात उतरल्या. त्यांना हिजाब काढायला सांगण्यात आले, कारण आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत डोके झाकायला परवानगी नव्हती. सुरक्षेचे कारण दिले जाई. मुलींनी नकार दिला, सामना सोडला आणि पुढे स्पर्धाही सोडली. त्याच स्पर्धेत इतर काही खेळांत मुली डोके झाकून खेळत होत्या.

अमेरिकेतली बिल्कीस अब्दुल-कादिर याच नियमाला अडली. ती मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डची. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली सज्जाला फळांच्या टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला तेच हे गाव. शालेय कारकिर्दीत तिने ३,०७० गुण केले, राज्यात मुला-मुलींत कोणाचेच तेवढे नव्हते. मग मेम्फिस आणि इंडियाना स्टेट या विद्यापीठांकडून ती हिजाब आणि पूर्ण बाह्यांच्या पोशाखात खेळली. तिथल्या विद्यापीठ स्पर्धांत तिला मुभा होती. शिक्षण संपल्यावर युरोपात व्यावसायिक खेळायचे ठरवले तेव्हा महासंघाचा नियम आडवा आला. वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या झाल्या, इतर मुलीही पुढे आल्या, आणि २०१७ साली नियम बदलला. त्या ऑक्टोबरपासून डोके झाकून खेळायला परवानगी मिळाली. बिल्कीसची ऐन उमेदीची वर्षे मात्र गेली होती. तिने मेम्फिसच्या एका इस्लामी शाळेत मुलांना खेळ शिकवायला सुरुवात केली होती.

आपल्या समाजाला बास्केटबॉल परका नाही, हेही सांगायला हवे. मुंबईत नागपाड्याच्या गल्लीबोळांतून या खेळाचे किती खेळाडू निघाले! त्यांतले अब्बास मुन्तसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्याची मुले खेळली. आपण जालन्याच्या मुलींबद्दल बोलत आहोत.

आता रस्त्याचे पाहू. पदवीनंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. करता येते, त्याने शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या जागेचा विचार करता येतो. फक्त प्रशिक्षण करायचे असेल तर पटियाला येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. तिथे एक वर्षाची पदविका मिळते. प्रवेशासाठी पदवी लागते आणि खेळातली कामगिरी पाहिली जाते, म्हणून शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. आमच्या शाळेत ती पावसात भिजलेली, घडी मोडलेली आणून देणाऱ्या मुली आहेत! पगाराबद्दल मात्र भ्रम नको. पक्क्या जागा थोड्या आहेत, पुष्कळ ठिकाणी हंगामापुरते मानधन मिळते. घर चालवायला हे पुरेल असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण बी.एड. करून तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या कितीतरी बहिणींचे तरी वेगळे काय आहे?

ती दहावीची मुलगी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विभागीय सामना हुकला तो हुकला, तिने महाविद्यालयात पुन्हा खेळायला सुरुवात केली. गेल्या वर्षापासून ती रविवारी सकाळी आमच्या शाळेतल्या लहान मुलींना शिकवायला येते. शिट्टी गळ्यात, दुपट्टा कमरेला खोचलेला, वहीत प्रत्येकीचे नाव. या हंगामात आमच्या सहा मुली बाहेरगावी खेळायला गेल्या. सहाही घरांतून तोच प्रश्न आला होता. आम्ही तिचे नाव सांगितले आणि सह्या झाल्या. दोन घरांनी आधी तिला बोलावून चहा पाजला, चार प्रश्न विचारले आणि मगच पेन हातात घेतले. तेही योग्यच केले.

मागच्या महिन्यात तिचे अब्बा शाळेत आले. हातात पटियालाच्या अर्जाची छापील प्रत होती. आम्हाला वाटले, पुन्हा तोच प्रश्न येणार. त्यांनी विचारले, सचखंड एक्सप्रेस जालन्याहून थेट तिकडे जाते का? आम्ही सांगितले, पटियालाला नाही, अंबाल्याला उतरावे लागेल, पुढे बसने जाता येते. त्यांनी अर्जाच्या मागच्या बाजूला उर्दूत "अंबाला" लिहून घेतले आणि विचारले, दोन तिकिटे काढायची तर किती दिवस आधी काढावीत?