लिनक्स टाकताना अडलात? दुकानाच्या कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या सात अडचणी



विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळे दुकानातला 2015-16 चा, अजून छान चालणारा कॉम्प्युटर तिथे बसत नाही. मग बरेच जण लिनक्स मिंटकडे वळतात. फुकट आहे, 4 जीबी रॅमवर नीट चालतं, आणि दिसायला विंडोजसारखंच आहे. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण माझ्या बॅचमधल्या एका दुकानदाराची गोष्ट आधी ऐका. रात्री दुकान बंद केल्यावर त्याने मिंट टाकायला घेतलं. बॅकअप होता, पण तो डी ड्राइव्हवर. इन्स्टॉल करताना त्याने 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडला. सकाळी मिंट झकास चालू होतं. चार वर्षांची बिलं मात्र गेली होती.

सी आणि डी ही बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कची दोन खोल्यांसारखी विभागणी असते. घरच पाडलं तर दोन्ही खोल्या जाणार ना! म्हणून एक नियम पाठ करा: डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. हे झाल्याशिवाय पुढे वाचलं तरी चालेल, पण हात लावू नका.

आता एकेक अडचण बघू.

1. पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही

मिंटची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेना एचर वापरून ती 'लिहावी' लागते. पेनड्राइव्ह 8 जीबीचा घ्या, त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. मग कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूची की दाबा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ 12, एचपीवर एफ 9. तरीही अडलं तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून बघा. पण थांबा! विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर असा बदल केल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा.

2. थेट इन्स्टॉल करण्याची घाई

पेनड्राइव्हवरून मिंट उघडतं, तेव्हा ते हार्ड डिस्कला न लावता तसंच वापरता येतं. थोडं हळू चालतं, पण वाय-फाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर सगळं तपासता येतं. कपडा घेण्याआधी अंगाला लावून बघतो ना, तसंच. एक अख्खा तास त्यात घालवा.

3. वाय-फाय दिसतच नाही

जुन्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः ब्रॉडकॉमची चिप असेल तर, हे हमखास होतं. ड्रायव्हर हवा तर नेट हवं, आणि नेट हवं तर ड्रायव्हर हवा, असा पेच. उपाय सोपा आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट आलं की मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, सुचवलेला ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा.

4. विंडोजच्या फाइली दिसतात, पण बदलता येत नाहीत

दोन्ही सिस्टिम ठेवल्या असतील तर हे होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहीत नाही, आणि ते तुमच्या भल्यासाठीच. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

5. घड्याळ साडेपाच तास मागे

लिनक्समधून विंडोजमध्ये आलात आणि सकाळच्या 11 ला घड्याळात 5:30 दिसले, तर कॉम्प्युटर बिघडलेला नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. बिलावर चुकीची वेळ छापली जाऊ नये म्हणून विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा. कायमचा उपाय म्हणजे टर्मिनलमधली एक ओळ. ती व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे.

6. प्रिंटर आणि मराठी

एचपीचे बरेच प्रिंटर जोडताच ओळखले जातात. नेटवर्कवरचे नवे प्रिंटरही सहसा त्रास देत नाहीत. पण आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी 2900 ला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तिथे वेळ जातो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट निवडा. जुनी पत्रं उघडल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसली तर फाइल खराब झालेली नाही. ती कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेली आहे. तोच फॉन्ट टाका किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

7. टॅलीचं काय?

इथे स्पष्ट सांगतो. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, त्याची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनवर चालवायचे प्रयोग घरी करा, दुकानाच्या हिशोबावर नको. टॅली रोज लागत असेल तर विंडोज 11 चालेल असा एक कॉम्प्युटर हिशोबासाठी ठेवा, आणि जुन्यावर लिनक्स टाकून ईमेल, पत्रं, कोटेशन, जीएसटी पोर्टल ही कामं करा. डिजिटल सिग्नेचर टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विक्रेत्याला विचारा.

मग कधी करायचं?

महिनाअखेरीला नाही. रिटर्न भरायच्या आठवड्यात तर मुळीच नाही. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, चहा घेऊन बसा. आधी कागदावर लिहा: रोज कोणती पाच कामं या कॉम्प्युटरवर होतात? पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्ये ती पाचही करून बघा. पाचही झाली, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे, तरच इन्स्टॉलचं बटण. एक जरी अडलं तर पेनड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा. तुमचं विंडोज होतं तसंच तिथे असेल, आणि सोमवारी शटर वेळेवर उघडेल.