भांड्यावरचे नाव

लग्नकार्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भांडी आणीत, तेव्हा त्यांवर धन्याचे नाव कोरलेले असे. कार्य उरकल्यावर कोणते पातेले कोणाच्या घरी जावयाचे, याविषयी वाद उरत नसे. आज बँकेपासून औषधांच्या दुकानापर्यंत सर्वांना आपण एकच ई-मेल पत्ता देऊन मोकळे होतो. पुढे तो ठकांच्या हाती पडला, की कोणाकडून फुटला हे सांगणारी खूण उरत नाही.

अशी खूण किती मोलाची असते, याचा दाखला २०१२ साली मिळाला. संगणकीय फायली साठविणाऱ्या ड्रॉपबॉक्स या अमेरिकन कंपनीच्या काही ग्राहकांना नकोशा जाहिरातींची पत्रे येऊ लागली. तो पत्ता आपण अन्यत्र कोठेही दिलेला नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. चौकशीअंती कंपनीला कबूल करावे लागले, की इतर संकेतस्थळांवरून चोरलेल्या पासवर्डच्या साहाय्याने चोर तिच्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरले होते व तेथे ग्राहकांच्या पत्त्यांची यादी होती. सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांची माहिती त्या वर्षी गेली होती, हे तर २०१६ साली उघडकीस आले.

यावर उपाय सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर अधिक चिन्ह व त्यापुढे दुकानाचे नाव लिहिले, तरी पत्र आपल्याच पेटीत येते. मात्र ही खूण पुसून मूळ पत्ता काढणे चोरास कठीण नाही. ॲपलची 'हाइड माय ईमेल' किंवा मोझिलाची 'रिले' ही सेवा प्रत्येक खात्यासाठी निराळाच पत्ता देते. उपद्रव सुरू होताच तेवढाच बंद करता येतो. कोणता पत्ता कोठे दिला, याची नोंद मात्र वहीत ठेवावी. बँकेला दिलेला पत्ता गमावल्यास खाते परत मिळविताना नाकी नऊ येतील.

माहिती फुटल्यास ती बाधित नागरिकास कळवावी, अशी तरतूद आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात आहे. ती स्वागतार्हच होय. परंतु ज्याच्या घरून माहिती गेली, त्याला स्वतःलाच चोरीचा पत्ता नसेल, तर तो काय कळविणार? तेथे ग्राहकाने कोरलेली खूणच साक्ष देईल. भांड्यावर नाव घालणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी शेजारधर्म कधी सोडला नाही; आपली वस्तू ओळखता यावी, एवढी दक्षता तेवढी त्यांनी घेतली. तीच आपणही घ्यावी, असे आम्हांस वाटते.