एका प्रवासाचा अ‍ॅक्सल

इंडियानातल्या एल्कहार्टजवळ आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात समोरून घर येताना दिसलं. अख्खं घर, दारं-खिडक्यांसकट, ट्रकच्या मागे. मी गाडी बाजूला घेऊन बघत राहिले. अमेरिकेत याला मोबाइल होम म्हणतात. नाव फिरतं असलं, तरी बहुतेक घरं एकदाच फिरतात, कारखान्यापासून जागेपर्यंत. तिथे ठोकळ्यांवर बसली की खालची चाकं आणि अ‍ॅक्सल निरुपयोगी होतात. मग कोणी ते काढून कारखान्याला परत विकतं, कोणी भंगारवाल्याला.

माझे पप्पा इस्लामपूरला उसाच्या ट्रॉल्या बांधायचे. भंगारातला अ‍ॅक्सल पाहून आमच्या घरातलं माणूस सरळ पुढे जाऊच शकत नाही. लाकडं आणि माती वाहायला ट्रेलर हवाच होता, म्हणून मी २०० डॉलरला जोडी उचलली.

अ‍ॅक्सलची नळी मजबूत होती. या अ‍ॅक्सलची क्षमता साधारण ६००० पौंड, म्हणजे सव्वासत्तावीसशे किलोच्या आसपास असते. तेवढाच नवा अ‍ॅक्सल बराच महाग पडतो, म्हणून इथले शेतकरी आणि हौशी वेल्डर यांच्यामागे असतात. पण टायर, रिम, स्प्रिंग आणि सांगाडा यांतला सगळ्यांत कमजोर भाग जेवढं पेलेल, तेवढाच तुमचा ट्रेलर.

माझ्या जोडीत कमजोर होते टायर. साडेचौदा इंची. हा अर्धा इंच मुद्दाम ठेवल्यासारखा वाटतो, कारण मोटारीची रिम त्यांना चालत नाही आणि पंक्चर झालं तर साध्या दुकानात जोड मिळत नाही. बाजूवर छापलेलं होतं, फक्त मोबाइल होमसाठी. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. रिमही वेगळीच. मध्ये चकती नाही, नुसतं कडं. ते हबवर बोल्ट आणि पाचरीसारख्या क्लिपांनी आवळायचं. क्लिपा समोरासमोरच्या, थोड्याथोड्या आवळत गेलं नाही, तर चाक तिरपं बसतं. मी एका बाजूने गोल फिरत आवळत गेले. पहिल्याच फेरीत आठेक मैलांवर ट्रेलर थरथरायला लागला. उतरून पाहते, तर एक क्लिप ढिली आणि रिम डुलतेय. चूक माझीच. त्या रात्री टायर, रिम आणि हब काढून टाकले आणि त्या नळीवर बसणारे साधे हब मागवले. आधी बेअरिंगचे नंबर बघून घ्या, सगळ्या नळ्यांची टोकं सारखी नसतात.

ब्रेकची गोष्ट निराळी. प्रत्येक अ‍ॅक्सलला ब्रेक असतोच असं नाही. माझ्या दुसऱ्या अ‍ॅक्सलला तर ब्रेकची प्लेट बोल्टने बसवायची चकतीच नव्हती. तो परत देऊन बदलून आणला. पहिल्याचा ड्रम उघडला. ब्रेक लायनर जवळजवळ नवे, कारण एकच प्रवास झालेला. पण तळाशी असलेल्या चुंबकाच्या तोंडावर गंज, आणि वायरी पक्कडीने सपाट कापलेल्या. उतरवणाऱ्याला घाई असते, तो सोडवत बसत नाही.

ब्रेक विजेचा आहे. चालकाने ब्रेक दाबला की केबिनमधला कंट्रोलर १२ व्होल्टच्या लाइनवरून चुंबकाला करंट देतो. चुंबक फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, ओढला गेलेला चुंबक एक दांडी ढकलतो आणि दांडी लायनर बसवलेले ब्रेकचे शू पसरवते. म्हणजे थांबवायचं बळ फिरतं चाकच पुरवतं, विजेचं काम फक्त चिकटवण्याचं. म्हणून गंजलेलं तोंड किंवा कच्चं अर्थिंग असेल, तर लायनर कितीही जाड असो, ब्रेक लागत नाही. चुंबकाच्या दोन वायरींपैकी एक अर्थला, दुसरी सात पिनांच्या प्लगमधल्या निळ्या वायरीला. कुठली कुठे, याने फरक पडत नाही.

फरक पडतो दिशेचा. आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला हवा. नळीलाही मधोमध वर जाणारा किंचित बाक असतो, वजन पडलं की ती सरळ होते. ट्रेलर उंच करायला मी ती उलटी करायला निघाले होते. तसं केलं असतं, तर चाकं वरून आत झुकून टायरच्या आतल्या कडा खाल्ल्या गेल्या असत्या. नळी आहे तशीच ठेवून दुसऱ्या बाजूला स्प्रिंगच्या नव्या बैठका वेल्ड केल्या.

शेवटी गंजलेल्या चुंबकाच्या मागे न लागता दोन्ही अ‍ॅक्सलना ब्रेकचे नवे संचच लावले. ट्रेलर निसटला तर पिन ओढली जाऊन त्याच्याच बॅटरीवर ब्रेक लागतील, अशी दोरीही बसवली. अनेक राज्यांत ३००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात राहण्याच्या (कॅम्पिंगच्या) ट्रेलरला १५०० पौंडांपासूनच. म्हणून ट्रेलर बांधण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघावा.

पप्पांना व्हिडिओ कॉलवर ब्रेकसकट चाक फिरवून दाखवलं. "किती गं खर्च झाला?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. "एवढ्यात नवा अ‍ॅक्सल आला असता की."

"आला असता पप्पा. तुम्ही ट्रॉलीला ब्रेक लावायचात का?"

"कोण मागायचं?" म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले. तिकडे ऊस भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर उतारावरून येतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

अशी जोडी कुठे दिसली, तर पैसे देण्याआधी ड्रम उघडून बघा. विकणारा उघडू देत नसेल, तर अ‍ॅक्सल तिथेच राहू द्या.