योनिमार्गातील सूक्ष्मजंतू व वंध्यत्वोपचार

निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात स्वाभाविकपणे राहणारे सूक्ष्मजंतू व त्यांचा गर्भधारणेसाठी केल्या जाणाऱ्या उपचारांशी असलेला संबंध. यांपैकी काडीसारख्या आकाराच्या दंडाणूंचे वर्णन आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १८९२ मध्ये केले. हे दंडाणू मुख्यतः लॅक्टोबॅसिलस या वंशातील असतात.

वयात आल्यावर स्त्रीमदजन हॉर्मोनांच्या प्रभावाने योनिमार्गाच्या अधिस्तरात ग्लायकोजेन साठते. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या शर्करांपासून दंडाणू लॅक्टिक अम्ल तयार करतात. त्यामुळे तेथील पीएच मूल्य सामान्यतः ३·८ ते ४·५ राहते व अपायकारक जंतूंच्या वाढीस आळा बसतो. रेत क्षारीय असल्याने समागमानंतर ही अम्लता काही काळ कमी होते व शुक्राणूंना पुढे सरकण्यास अवसर मिळतो.

लॅक्टोबॅसिलस घटून गार्डनेरेला व इतर जंतू वाढल्यास पातळ, माशासारख्या वासाचा स्राव होतो. पुष्कळदा मात्र कोणतेच लक्षण दिसत नाही. अंगावरून पांढरे जाणे हे बायकांच्या जातीला लागलेलेच, असे समजून आपल्याकडे हा त्रास सोसला जातो. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यांतील निम्मे विकार जननमार्गाच्या संक्रामणाचे होते. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

शरीरबाह्य फलनाने या विषयास नवे महत्त्व आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात इंदिरा हिंदुजा व आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा बालकाचा जन्म झाला. या पद्धतीत भ्रूण बारीक नळीने योनिमार्ग व गर्भाशय ग्रीवेतून गर्भाशयात सोडतात. नळीच्या टोकाबरोबर जंतूही आत जाऊ शकतात. त्यांमुळे अंतःस्तराचा शोथ होऊन भ्रूण रुजण्यास अडथळा येत असावा, असा तर्क आहे. लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या स्त्रियांत गर्भ राहण्याचे प्रमाण कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले. इतर अभ्यासांत तसे दिसले नाही.

परंतु संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. डेन्मार्कमध्ये असा असमतोल असलेल्या तीनशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लिंडामायसीन हे प्रतिजैव औषध, त्यानंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस देऊन अथवा न देता, वापरले गेले. निरौषध गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत गर्भधारणेचे प्रमाण वाढले नाही. तेव्हा केवळ या आशेने महागड्या जंतुचाचण्या करवून घेणे आज समर्थनीय ठरत नाही. त्रासदायक स्राव असल्यास त्यावर उपचार अवश्य करावेत. मात्र वंध्यत्वाच्या तपासणीत पतीची रेतपरीक्षा व अंडवाहिन्यांची तपासणी, विशेषतः भारतात त्यांच्या क्षयरोगाची शक्यता, आधी पाहावी लागते.