अनुराधापूर पाहावे, पण बाबासाहेबांच्या नजरेने

बौद्ध स्थळांच्या सहली काढणाऱ्या कंपन्या आता गावोगाव झाल्या आहेत. बसमधून उतरायचे, वंदना घ्यायची, फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला पुन्हा बसमध्ये! आम्ही श्रीलंकेला गेलो ते कुठल्याही कंपनीविना. कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून रेल्वेने अनुराधापूर गाठले, भाड्याने सायकल घेतली आणि मनसोक्त हिंडलो.

सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून नेलेली बोधिवृक्षाची शाखा इथे रुजली, अशी परंपरा आहे. त्या महाबोधीपाशी पांढऱ्या वस्त्रातली खेड्यापाड्यांतली माणसे शांतपणे बसलेली असतात. जेतवनाराम स्तूप मूळचा सुमारे १२० मीटर उंचीचा. प्राचीन जगात तो सर्वात उंच वास्तूंपैकी एक होता. हे सारे विटांचे काम पाहून ऊर भरून येतो.

परंतु ऊर भरून आला म्हणजे धम्मयात्रा पूर्ण झाली काय? १९५० च्या मे महिन्यात कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री असतानाही तिथे गेले. ते केवळ दर्शनाला गेले नव्हते. या देशात धम्म किती जिवंत आहे, किती शुद्ध स्वरूपात आचरला जातो, हे त्यांना तपासायचे होते.

तोच प्रश्न मनात घेऊन आम्ही सरकारी लाल बसने कँडीला निघालो. वाटेत हाती आलेल्या रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रात विवाहाच्या जाहिराती होत्या. 'गोवी बौद्ध' वधू पाहिजे! 'गोवी' म्हणजे गोविगम, तिथली वरचढ शेतकरी जात. बुद्धाच्या देशात जात? होय. १७५३ साली सयामहून उपसंपदा आणून सियाम निकाय स्थापन झाला आणि पुढे त्याचे दार गोविगमांपुरतेच उरले. मग इतर जातींतील श्रामणेरांनी १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली. त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. ज्यांना दार बंद झाले त्यांनी समुद्र ओलांडून दुसरे दार शोधले, हा इतिहास कुठल्याही स्तूपापेक्षा कमी मोलाचा नाही.

हे वाचून तिकडच्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला आहे काय? १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत पोटजात विचारली जात नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल? बावीस प्रतिज्ञांत सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण सर्वांनी घेतली आहे.

धम्मबांधवांनो, श्रीलंकेला अवश्य जा. पैसे साठवा, चार मित्र जमवा आणि स्वतःच्या पायांनी फिरा. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोला, तिथले वर्तमानपत्र वाचा, भिक्खूंना नम्रपणे प्रश्न विचारा. आणि परत आल्यावर फोटो दाखवण्याआधी मुलामुलींच्या लग्नात पोटजात विचारणार नाही, एवढे घरच्यांना सांगा.

जयभीम!