मंगळाच्या तालमीतला इंजिनिअर

फेब्रुवारी २०१८ मध्ये हवाई बेटावर, मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावरच्या घुमटाकार घरात चौघेजण राहायला गेले. आठ महिने मंगळावर असल्यासारखं जगायचं, असा बेत होता. मोहीम चारच दिवसांत थांबली. ढगाळ हवेमुळे सौरऊर्जेवरच्या बॅटऱ्या उतरल्या, जनरेटर चालू करण्याच्या खटपटीत एकाला विजेचा धक्का बसला आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. अशा सराव मोहिमांच्या बातम्यांत आपल्याला अंतराळपोशाखातले, खडक गोळा करणारे शास्त्रज्ञ दिसतात. मोहीम टिकणार की नाही, हे मात्र वीज, पाणी, हवा आणि शौचालय सांभाळणाऱ्या इंजिनिअरवर ठरतं. मी तर म्हणेन, त्याच्या दुरुस्तीच्या नोंदी हीच अशा मोहिमेची सर्वांत मोलाची कमाई.

यावर आक्षेप येतो: इथे मंगळाचं गुरुत्वाकर्षण नाही, तिथला किरणोत्सर्ग नाही, जिवावर बेतलं तर दार उघडून बाहेर पडता येतं, मग हे नाटकच नाही का? उणिवा खऱ्या आहेत. पण या तालमीत तपासायचं असतं ते वेगळंच: मदत हाताशी नसताना माणूस बिघाड कसा निस्तरतो. मंगळावरचा संदेश पृथ्वीवर पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तितकीच. तोवर शॉर्टसर्किट थांबत नाही. म्हणूनच नासाने २०२३-२४ मध्ये ह्यूस्टनला चौघांना ३७८ दिवस बंदिस्त ठेवलं, तेव्हा संदेशांना मुद्दाम उशीर लावला. आणि त्या चौघांत एक फ्लाइट इंजिनिअर होता.

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरपासून हे सगळं वाटतं तितकं लांब नाही. त्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. पॅनलवर धूळ बसली की वीज घटते, हे अशा ठिकाणच्या तंत्रज्ञाला शिकवावं लागत नाही. मंगळावरचं इनसाइट यान डिसेंबर २०२२ मध्ये मुकं झालं, ते याच धुळीपायी. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या बसाल्टच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आल्या आहेत, आणि मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बसाल्टचाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला इस्रोची सराव मोहीम सुरू झाली, तिच्यात आयआयटी मुंबईचा सहभाग होता. तिथली थंडी आणि विरळ हवा खानदेशात मिळणार नाही, हे मान्य. पण धुळीत, उन्हात यंत्रं चालती ठेवणारे हात इथे आहेत. पदवीशिवाय हे काम झेपणार नाही, असं कुणी म्हणेल. आराखडा करायला पदवी लागते. रात्री बंद पडलेला पंप, आहे त्या सामानात चालू करायला सराव लागतो. म्हणून अशा सराव मोहिमेच्या पुढच्या चमूत आयटीआय झालेला वायरमन किंवा फिटर घ्यावा, आणि त्याच्या नोंदी शास्त्रज्ञांच्या अहवालाइतक्याच तपशिलाने छापाव्यात.