३२ मिलिमीटरचं दार

जुन्या नाशकात चिमणीला कुणी घर बांधून दिलं नव्हतं. वाड्याची तुळई, कौलांखालची फट, देवाच्या तसबिरीमागची तिरकी जागा, एवढ्यावर तिचा संसार भागायचा. खाली पडलेल्या काड्या झाडताना घरातली माणसं कुरकुरत, पण घरटं कुणी काढत नसे. वाडे पडले, सपाट स्लॅबच्या इमारती आल्या आणि फटी संपल्या. चिमणी स्वतः ढोली कोरत नाही, तिला तयार पोकळी लागते.

याच शहरातल्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांचा प्रश्न लावून धरला. त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. लाकडी घरटी तेव्हापासून वाढदिवसाच्या भेटीपर्यंत पोहोचली. त्यातली बरीच रिकामीच का लोंबतात, याचं उत्तर बहुतेक वेळा पेटीतच असतं.

पहिली गोष्ट भोकाची. चिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं. दुकानातल्या शोभेच्या पेट्यांना दिसायला छान म्हणून याहून बरंच मोठं दार ठेवतात. मग तिथे साळुंकी शिरते किंवा मांजराचा पंजा. भोकाखाली बसायला दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, शत्रूला मात्र सोयीची पडते. आतून रंग नको. तळाला पाणी निथळायला दोन-चार बारीक छिद्रं आणि झाकण उघडता येईल अशी सोय हवी.

भोकाच्या मापाची उलटी गंमत अमेरिकेत दिसते. तिथे अंगणात पेट्या लावतात त्या ब्लूबर्ड या पक्ष्यासाठी. त्या पेटीचं भोक साधारण ३८ मिलिमीटरचं. त्यातून स्टार्लिंगसारखा मोठा पक्षी आत येत नाही, पण चिमणी आरामात शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रुकलिनमध्ये नेऊन सोडलेली ही चिमणी तिथे ब्लूबर्डची अंडी फोडते, पेटी बळकावते. तिला हुसकावायच्या नाना युक्त्या तिथले पक्षिप्रेमी करतात. आपण इथे तिची मनधरणी करतो!

पेटी कुठे लावायची, हे भोकाच्या मापाहून महत्त्वाचं. आठ-दहा फुटांवर, छज्ज्याखाली, भिंतीला घट्ट. लोंबती, वाऱ्याने हलणारी पेटी चिमणीला आवडत नाही. नाशिकचा एप्रिल-मे आता थंड राहिलेला नाही. पश्चिमेच्या उन्हात टांगलेली पेटी पिल्लांसाठी भट्टी ठरते. पंख्याजवळ तर नकोच. दाणे पेटीत टाकू नका, त्याने मुंग्या येतात. थाळी लांब ठेवा. आणि हो, बुलबुल, शिंपी, शिंजीर यांच्यासाठी पेटी घेऊ नका. ते आपलं घरटं झुडपात, पानांत स्वतः बांधतात.

नर आधी येतो. भोकाशी बसून चिवचिवतो, डोकं आत घालून बघतो, एखादी काडी नेऊन ठेवतो. मादीला पटलं तर तीन ते पाच अंडी, जवळपास दोन आठवडे उबवणं आणि पुन्हा तेवढेच दिवस भरवणं. इथे खरी मेख आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या-किडेच लागतात. कढीपत्त्यावर, लिंबावर अळी दिसली की फवारा मारणाऱ्या घराच्या भिंतीवर पेटी लावून काय उपयोग? एका लिंबाच्या झाडाने जे साधतं ते तांदळाच्या थाळीने साधत नाही.

चिमण्या कमी झाल्या म्हणून मोबाइल टॉवरला मात्र उगाच दोष देऊ नये. २०२० च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात देशभरातली चिमण्यांची संख्या बऱ्यापैकी स्थिर दिसली. घट होती ती महानगरांत. टॉवरचा पुरावा मिळाला नाही. जागा आणि किडे, या दोन गोष्टी तेवढ्या आपल्या हातात आहेत.

संक्रांतीच्या आसपास पेटी लावा. यंदा कुणी आलं नाही तर ती सारखी हलवू नका, एक हंगाम जाऊ द्या. पिल्लं उडून गेल्यावर जुनं गवत काढून पेटी उन्हात वाळवा आणि परत त्याच जागी ठोका.